मधल्या खोलीतला वर्तमानकाळ

इंग्रजीतले काळ मी कुणालाही शिकवू शकते. अगदी कुणालाही. दगडालासुद्धा शिकवीन, फक्त त्या दगडाला पाय असायला हवेत!

तुम्ही म्हणाल, शाळा सोडलेली पोरगी, हिचं काय ऐकायचं. तर आधी एक सांगते, मी शाळा सोडली ती इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही, बसता येत नव्हतं म्हणून. बाकावर टेकले की माझ्या पायांना मुंग्या यायच्या आणि मग त्या मुंग्या वर वर चढत डोक्यात जायच्या. बाई म्हणायच्या खाली बस. मी बसायचे. बाई फळ्याकडे वळल्या की मी परत उभी. एक दिवस त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं की तुला बाकावर काटे टोचतात का. मी म्हटलं बाकाचे नाही, तुमच्या आवाजाचे टोचतात. झालं. त्यानंतर शाळेचं आणि माझं काही जमलं नाही.

घरी रडारड झाली. सगळ्यात जास्त ताई रडली, जणू तिचीच शाळा सुटलीय. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती बसते. बस म्हटलं की बसते आणि कुणी ऊठ म्हणेपर्यंत बसते. तिच्याकडे प्रत्येक विषयाचं गाइड असायचं, त्याला खाकी कव्हर, कव्हरावर लेबल. बाबा मात्र रडले नाहीत. ते मला लहानपणापासून भिंगरी म्हणतात. एवढंच म्हणाले की भिंगरी बसली तर तिला भिंगरी कोण म्हणेल.

आता हे सगळं आमच्या जुन्या घरातलं. ते घर डोळ्यांसमोर आणल्याशिवाय तुम्हाला काहीच कळायचं नाही, म्हणून जरा आत या. एकामागे एक तीन खोल्या, मालगाडीचे डबे लावावेत तशा. मधे दारं नव्हती, नुसते उंबरे. मागच्या खोलीत आजोबांची खाट. आजोबा गेले, खाट राहिली. तिच्याखाली बंद पडलेला रेडिओ, पट्टा तुटलेलं शिलाई मशीन आणि आम्हा दोघींचा पाळणा, सुटा करून सुतळीनं बांधलेला. त्या खोलीत शिरलं की नाकात एक वास यायचा, जुन्या रजईचा आणि आजोबांच्या मलमाचा. अजून कुठे तो वास आला की मी थांबते. मधल्या खोलीत आई. गॅस, कुकर, नळ, सगळं तिथे, आणि सगळं एकाच वेळी चालू. पुढच्या खोलीत दार, चपला आणि बाबांचे बेत. इथे सोफा घेऊ, तिथे कपाट करू, खिडकीला पडदा लावू. रोज संध्याकाळी बाबा त्या रिकाम्या खोलीत उभे राहून असे हात फिरवायचे की आम्हाला खरंच सोफा दिसायचा. ताई तर एकदा त्याला वळसा घालून गेली होती.

बाबा हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला. धुण्याच्या ड्रममधून ओल्या चादरी उपसायच्या, ट्रॉलीत टाकायच्या, ट्रॉली ढकलायची. ओल्या चादरींचं गाठोडं तुम्ही उचललंय का कधी? झोपलेला माणूस उचलल्यासारखं लागतं. बाबांनी अख्खं तरुणपण असली माणसं उचलली. त्या वर्षी मात्र त्यांची पाठ बोलायला लागली. सकाळी खाली घातलेल्या गादीवरून उठताना आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग भिंत धरून. आमच्याकडे कुणी बघितलं की म्हणायचे, भिंत पडतेय का ते बघतो.

तेवढ्यात लॉन्ड्रीचा सुपरवायझर निवृत्त झाला. म्हणजे एक खुर्ची रिकामी झाली. हात असलेली, गादी असलेली खुर्ची! काम काय, तर रोज सकाळी मेट्रन बाईंना इंग्रजीत रिपोर्ट लिहून द्यायचा. कुठल्या वॉर्डातून काय आलं, आत्ता ड्रममध्ये काय चाललंय, संध्याकाळी कुठे काय जाईल. जुना सुपरवायझर सगळंच वर्तमानकाळात लिहायचा, त्यामुळे चादरी आल्या की येतायत की येणार आहेत हे कुणालाच कळायचं नाही, आणि एकदा म्हणे ऑपरेशनचे डॉक्टर रिकाम्या कपाटासमोर हात धुऊन उभे. म्हणून मेट्रन बाईंनी ठरवलं, या वेळी परीक्षा घ्यायची. वाक्यांत गाळलेल्या जागा, आणि तिथे क्रियापद बरोबर काळात भरायचं. परीक्षेला दोघेच, बाबा आणि बाबांचे मित्र इस्त्रीवाले काका. ज्याला जास्त येईल त्याची खुर्ची. दुसऱ्याचं तेच, उपसा आणि ढकला, नाहीतर वाफेत उभे राहा. बाबा हसत हसत सांगत होते, पण आईनं त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि कुकरची शिटी झाली तरी गॅस बंद केला नाही, तेव्हाच मला कळलं की ही परीक्षा कसली आहे.

शिकवायला अर्थातच ताई बसली. तिनं गाइड उघडलं, तक्ता काढला, साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण, प्रत्येकाचे तीन तीन. बाबा मान डोलवत ऐकायचे. मग नुसती मान डोलायची. मग मानही थांबायची. दिवसभर चादरी उपसलेला माणूस, त्याला मऊ आवाजात तक्ता वाचून दाखवला तर तो झोपणार नाही तर काय करेल! जागे झाले की सगळ्यात आधी सॉरी म्हणायचे. पोटच्या पोरीला सॉरी. ते ऐकून माझं डोकं असं सटकलं की मी गाइड ताईच्या हातातून ओढलं आणि खाटेखाली रेडिओशेजारी भिरकावलं.

"बाबा, उठा. चाला."

"कुठे?"

"काल म्हटलं की मागच्या खोलीत. आत्ता म्हटलं की आईपाशी. उद्या म्हटलं की चपलांपाशी."

मी काही विचार करून बोलले नव्हते, शपथ. मला स्वतःला चालल्याशिवाय काही कळत नाही, तेवढंच. पण बाबा उठले. मी वाक्य टाकायचे, बाबा चालायचे. येस्टरडे ऐकू आलं की सरळ आजोबांच्या खाटेपाशी, आणि तिथे उभं राहून म्हणायचे, द बॉइज वॉश्ड. टुमारो म्हटलं की दारात, चपलांत पाय घालून, विल वॉश! आणि काम चालू असेल तर तिथल्या तिथे पाय आपटत राहायचं, जिथे असाल तिथे. बाबा खाटेपाशी सैनिकासारखे पाय आपटत वेअर वॉशिंग, वेअर वॉशिंग म्हणायला लागले तेव्हा खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला वर येऊन विचारून गेला की काय फुटलं.

सगळ्यात छान म्हणजे उंबरा. काम झालंय पण त्याचं ओझं अजून डोक्यावर आहे, ते हॅव वॉश्ड, त्याला कुठे ठेवायचं यावर ताई म्हणाली, बघ, तिथे अडलं तुझं. मी बाबांना मागच्या आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं केलं. एक पाय आजोबांकडे, एक पाय आईकडे. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, अरे, हा तर मीच आहे.

तेव्हापासून आमचं घर म्हणजे स्टेशन झालं. आई भाजी चिरत ओरडायची, वर्तमानकाळात माझं पातेलं आहे, लाथ मारू नका. रुसली असली तरी ताईच वाक्यं काढून द्यायची, कारण वाक्यं तिच्याइतकी कुणालाच सुचायची नाहीत, हे मी मान्य करते, पण तिला सांगू नका. आणि बाबा चुकेनासे झाले. मी गल्लीभर सांगत सुटले की खुर्ची आमचीच. गादीला कव्हर कुठल्या रंगाचं शिवायचं इथपर्यंत माझं ठरलं होतं.

मग कळलं की बाबांनी सगळी युक्ती इस्त्रीवाल्या काकांना सांगितली. मी इतकी भडकले की जेवले नाही. अहो, तो आपला प्रतिस्पर्धी आहे! बाबा म्हणाले, त्याचीही कंबर माझ्याच वयाची आहे. आणि पुढे काळजीनं म्हणाले की त्याचं घर एकाच खोलीचं आहे गं, पण वर माळा आहे. त्यानं भूतकाळ माळ्यावर ठेवलाय. बायको शिडी धरते.

परीक्षेच्या दिवशी बाबा चष्मा घरी विसरले. मी तो घेऊन पळत हॉस्पिटलात गेले. परीक्षा होती चादरींच्या कोठीत. कोठीच्या दाराला गोल काच असते, आत जायची सोय नव्हती, म्हणून तिला मी नाक लावलं; दार जरा किलकिलं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. चारी बाजूंना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या घड्या, मधे दोन टेबलं, आणि समोर मेट्रन बाई. उंच, ताठ, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं. बाबा, चष्म्याविना कागद हातभर लांब धरून, आणि काका पेपरकडे बघत होते आणि कुणीच काही लिहीत नव्हतं. बाबांचा गुडघा टेबलाखाली हलत होता. मला तो गुडघा पाठ होता. आम्ही बाबांना चालून शिकवलं होतं. बसून शिकवायचं राहूनच गेलं होतं!

बाबांनी हात वर करून पाणी मागितलं. माठ कोठीच्या मागच्या भिंतीला, जुन्या घोंगड्यांच्या ढिगापाशी. बाबा तिथे गेले, घोंगडीला हात लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला बाहेरून दिसला. झपझप परत आले, लिहिलं. परत पाणी. परत लिहिलं. मग माठापाशी उभे राहून हळूच पाय आपटले. मेट्रन बाईंनी चष्म्यावरून बघितलं. माणूस सारखा उठतोय, पाणी पितोय, पाय आपटतोय. त्या पडल्या नर्स. त्यांनी जागेवर निदान केलं, जुलाब. हळू आवाजात विचारलं, सकाळपासून किती वेळा जाऊन आलात. बाबांना वाटलं वाक्यांबद्दल विचारतायत. म्हणाले, बाई, मागे जास्त वेळा, पुढे अजून एकदाही नाही. बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी मीठसाखरेचं पाणी मागवलं आणि सांगितलं, लाजू नका, केव्हाही उठा. बाबांना तर तेच हवं होतं!

तिकडे काकांचा धीर सुटला. त्यांचं मघापासून छताकडे बघणं चाललं होतं. वरच्या फळीसाठी कोठीत एक लाकडी शिडी असते, काका मुकाट्यानं तिच्यावर चढले आणि उशांच्या घड्यांत डोकं घालून पुटपुटायला लागले. बाईंनी विचारलं, तुम्हाला काय झालं. काका वरून म्हणाले, काही नाही, कालचं एक वाक्य राहिलं होतं, ते घेऊन आलोच.

"परीक्षेला बसायचं असतं," मेट्रन बाई म्हणाल्या. "हिंडायचं आणि चढायचं नसतं."

आणि नेमकं त्याच वेळी बाबांच्या पेपरात टुमारोचं वाक्य आलं असणार. कारण ते उठले आणि सरळ दाराकडे आले. मी चष्मा पुढे केला. त्यांनी मला बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या डोळ्यांत नुसता उद्या होता. आमच्या घरी उद्या म्हणजे बाहेरचं दार, म्हणून ते बाहेरचं दार शोधत निघाले. पॅसेज ओलांडला, जिना ओलांडला, थेट मागच्या पडवीत. मी मागे. तिथे लॉन्ड्रीच्या मुलांची ट्रॉली उतारावर अडकली होती, ओल्या चादरींनी शिगोशीग भरलेली. मुलं म्हणाली, बरे आलात, जरा हात लावा. आता माझ्या बाबांना आयुष्यात कुणी हात लावा म्हटलं आणि त्यांनी लावला नाही, असं झालेलं नाही. मी ओरडेपर्यंत त्यांनी वाकून ट्रॉलीला खांदा दिला होता. ट्रॉली वर गेली. बाबा मात्र वाकलेले ते वाकलेलेच राहिले.

हळूच म्हणाले, "भिंगरी, भिंत कुठेय गं?"

पडवीला भिंत नव्हती. मुलांनी रिकामी ट्रॉली आणून बाबांना तिच्यावर आडवं केलं आणि आम्ही ढकलत कोठीपाशी आणलं. मेट्रन बाईंनी बघितलं, नाडी बघितली, पाय उचलून बघितले, म्हणाल्या पाठ धरलीय, पेपर राहू दे, यांना आता वर न्या. बाबा छताकडे बघत म्हणाले, बरं. नुसतं बरं. पेपरावर दोनतीन वाक्यं कोरी राहिली होती. ते बरं ऐकलं आणि माझं टाळकं फिरलं. मी मेट्रन बाईंना सांगितलं की ह्यांना जुलाब नाहीत, कधीच नव्हते. ह्यांना सगळं येतं, पण बसून येत नाही, चालून येतं, आणि त्यांना तसं मी शिकवलंय, तर काय बोलायचं ते मला बोला. मग तीन खोल्या सांगितल्या, खाट सांगितली, चपला सांगितल्या, उंबरा सांगितला. बोलता बोलता मीच पॅसेजमध्ये इकडून तिकडे चालत होते.

मेट्रन बाईंनी पेपर उचलला. राहिलेल्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं, लॉन्ड्रीच्या मुलांनी सकाळपासून धुतलंय आणि ढीग अजून समोर आहे, असं काहीतरी. मग त्या ट्रॉलीच्या दांड्याला आल्या, बाह्या वर केल्या आणि विचारलं, "कुठे नेऊ?"

बाबांनी डोळे मिटले. म्हणाले, मागे. अजून थोडं मागे. थांबा, आता जरा पुढे. आणि ट्रॉली कोठीच्या दारात अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी अडकली. बाबांचं डोकं घोंगड्यांकडे, पाय पॅसेजमध्ये.

"इथेच," बाबा म्हणाले. "हॅव वॉश्ड."

बाईंनी पेपर त्यांच्या छातीवर ठेवला, मी त्यांना चष्मा घातला, बाबांनी आडव्यानं लिहिलं. तोवर पॅसेजमध्ये ही गर्दी! एक डॉक्टर, दोन वॉर्डबॉय, जेवणाची गाडी, सगळे थांबलेले, कारण दार वर्तमान पूर्णकाळानं बंद होतं. एका वॉर्डबॉयनं विचारलं, पेशंटला काय झालंय. मेट्रन बाई म्हणाल्या, व्याकरण.

निकाल लागला. खुर्ची बाबांना मिळाली! काका थोडक्यासाठी राहिले, कारण शिडीवर बाईंनी उजेड कमी ठेवला होता असं त्यांचं म्हणणं. मी गल्लीभर साखर वाटायचीच बाकी ठेवली होती. तर पाठीच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं आणि काय लिहून दिलं असेल? वजन उचलायचं नाही, हे ठीक. पण बसायचंही नाही. खुर्ची सक्त बंद. जमेल तेवढं चालायचं. म्हणजे हल्ली बाबा लॉन्ड्रीभर फिरत फिरत रिपोर्ट लिहितात आणि गादीच्या खुर्चीवर इस्त्रीवाले काका बसून चहा पितात.

त्या हुद्द्याबरोबर क्वार्टर्स आले. भाडं नाही, चोवीस तास पाणी, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. खोली एकच. पण नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही हो म्हटलं.

सामान हलवलं त्या दिवशी टेम्पो भरून झाल्यावर मी आणि बाबा वर गेलो, पंखा बंद आहे का बघायला. आजोबांची खाट गेली, आईचा गॅस गेला, चपला पायात होत्या. तिन्ही खोल्या अगदी एकसारख्या दिसत होत्या. भिंतीवर खाटेचा चौकोन उरला होता, तेवढाच. खाली आई ताईला सांगत होती की गाइडं सामानाच्या वर ठेव, नाहीतर दबतील. बाबा कंबरेला पट्टा लावून पुढच्या खोलीत उभे होते, जिथे सोफा येणार होता.

म्हणाले, "विचार एखादं. शेवटचं."

मला पटकन सुचलं ते विचारलं. आपण आणि हे घर, मधे राहणे, गाळलेली जागा भरा. वुई, मग रिकामं, मग इन धिस हाउस.

बाबा चालायला लागले. मागच्या खोलीत गेले, थांबले, मान हलवली. मधल्या खोलीत आले, जिथे गॅस होता तिथे उभे राहिले, तिथेही जमेना. उंबऱ्यावर आले. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. तिथे उभे राहिले, राहिले, राहिले. खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. मी, जी कधी एका जागी थांबत नाही, ती मी थांबले होते. बरोबर उत्तर मला येत होतं. मी सांगितलं नाही.

शेवटी बाबांनी पाय उचलला, दाराची कडी ओढून घेतली आणि म्हणाले, "चल. हे ऑप्शनला टाकू."